शहापूरचं उलट्या पंखांचं विमान

आमच्या विमान मंडळाचे किस्से कुणी ठरवून जमवले नाहीत. शहापूरला कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एक कपाट होतं, त्यात मोडलेले पंख साठत गेले, आणि एकेका पंखामागे एकेक किस्सा. आता सहा-सात वर्षं झाली. तरी आसनगाव स्टेशनवर विजू भेटला की आधी एखादा पंख निघतो, मग घरची चौकशी.

* * *

मंडळ म्हणजे देसले सर, माझा वर्गमित्र विजू आणि मी. सर फिजिक्स शिकवायचे. विजू थर्मोकोलचं विमान कापायचा. सायकलच्या ट्यूबची मोठी गलोल ताणून ते सोडायचं काम माझं, कारण लहानपणापासून गलोलीने कैऱ्या पाडून माझा नेम पक्का झालेला.

पण मी दचकते. कुत्रं भुंकलं, स्टूल पडलं, की माझा हात वर! मग विमान उभं चढायचं, वर जाऊन थांबायचं आणि एका पंखावर कलंडून खाली. असे चार पंख मोडल्यावर विजू म्हणाला, "सर, सोडणारी बदला."

मी रडायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी सरांनी मासिकातला एक फोटो आणला. रशियाचं नवं विमान, पंख मागे नाही तर पुढे झुकलेले. जणू कुणी घाईत उलटे लावलेत! "आपण हे करायचं," एवढंच म्हणाले. का, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

* * *

नवं विमान जोरात सोडलं की पंखांची टोकं वर पिळायची आणि कडाड्! मोडायचा पंख, दचकायचे मी.

पंखात घालायच्या बांबूच्या पट्ट्या विजू बाजारात सोमाबाबांकडून आणायचा. बाबा डोंगरावरच्या पाड्यातून सुपं-टोपल्या विकायला यायचे. रोज पट्ट्या कशाला लागतात ते बघायला एकदा लॅबमध्येच आले. पंख दोन्ही हातांत धरून त्यांनी हळू वाकवला.

"पट्टी सरळ लावलीस रं, म्हणून पिळतंय. पुढच्या कडेला तिरकी ने. वाकंल, पन पिळनार नाय. सूप काय उगाच टिकतं?"

सर फळ्याकडे वळले. गणित मांडलं, खोडलं, परत मांडलं. अख्खा फळा भरला. बाबा शांतपणे स्टुलावर बसून.

शेवटी सरांनी खडू ठेवला. म्हणाले, "तिरकी."

* * *

मग मुरबाडच्या स्पर्धेचं पत्र आलं. प्राचार्यांनी बजावलं, विमान अख्खं परत आलं तर मंडळ चालू, मोडून आलं तर कपाट रिकामं करून द्यायचं. माझी झोपच उडाली.

शेवटच्या सरावाला विमान गलोलीतून सुटलं ते थेट नाकावर! मला वाटलं, मीच दचकले. पण त्या दिवशी मी दचकले नव्हते, शपथ!

पंख रबरबँडने बसवलेले असायचे. विजूने वाकून बघितलं, तर पंख मागे झुकलेले. तेवढ्यात आमचे शिपाई गोपाळमामा जवळ आले आणि सरांच्या कानात म्हणाले, "पोरांनी उलटं लावलं होतं. मी सकाळी सरळ केलं. साहेबांना सांगत नाय मी, घाबरू नका."

* * *

मुरबाडला जीपने गेलो, सोमाबाबांनाही घेऊन. विमान आत मावेना, म्हणून विजूने ते शेपटी पुढे करून खिडकीबाहेर धरलं. चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरने विमानाकडे निरखून बघितलं.

"आता कसं बरोबर दिसतंय," तो म्हणाला. "मघाशी शहापुरात उलटं होतं."

* * *

स्पर्धेला प्रत्येकाला एकच संधी. आमच्या आधीची दोन विमानं उभी चढली आणि एका पंखावर कोसळली. परीक्षकांनी आमचं विमान हातात घेतलं आणि पंख सरळ करून घ्यायला वेळ हवा का, असं विचारलं. सर नको म्हणाले.

मी ट्यूब ताणली. तेवढ्यात पलीकडच्या लग्नात फटाक्यांची माळ लागली. माझा हात वर!

विमान सरळ आभाळात गेलं. वर जाऊन थांबलं. मला कपाट दिसलं, रिकामं. विजूने डोळे मिटले.

विमानाने नाक खाली केलं. हळूच, मान डोलावल्यासारखं. पुन्हा एकदा डोलावलं. दोन्ही पंख सारखे, कुठल्याच बाजूला कलंडणं नाही! आणि मग तरंगत निघालं ते परीक्षकांच्या मांडवावरून, मैदानाच्या पार टोकाला जाऊन गवतात बसलं. अख्खं. मांडवाच्या मागे उभे असलेले सोमाबाबा ते आणायला निघालेसुद्धा.

परीक्षक सरांजवळ आले. "कमाल आहे. पण हे पंख असे पुढे कशासाठी केलेत?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती दचकते, साहेब."