तलावाला किंमत लावणारे सर

आमच्या सरांना कुठलीही नवी वस्तू दाखवा, आधी ती दाबून, हलवून बघायची आणि मग विचारायचं, "तग धरन काय हे?" मग ती खुर्ची असो, सरकारी धोरण असो, नाही तर चांगला हाडामांसाचा माणूस. माझं लग्न ठरलं तेव्हा ते आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी मुलगा बघायला आले आणि चहा व्हायच्या आत त्यांनी बिचाऱ्याचा खांदा दाबून हाच प्रश्न केला. आई तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. नवरा आजवर तगलाय, एवढं मात्र कबूल करायला हवं.

सर मूळचे यवतमाळकडचे, पर्यावरणाचे शास्त्रज्ञ. दुष्काळ, पूर, कारखाना, असा धक्का बसल्यावर गाव कशाच्या जोरावर पुन्हा उभं राहतं, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. आणि नदी, जंगल, तलाव आपल्याला फुकटात जे देतात त्याची रुपयांत किंमत मांडायची, ही त्यांची विद्या. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तशी सगळ्या शहराला जमिनीची बाधा झाली. पंडरी बाजारातला कापडवालासुद्धा मीटर सोडून एकरात बोलायला लागला. सर म्हणायचे, "यायले फक्त भाव समजते ना? मंग आपण भावातच बोलू. काहून भ्यायचं?"

त्यांची कामाची एक रीत होती. कागद बाहेर काढायच्या आधी ते त्या तलावात उतरून अंघोळ करत. ऑफिसच्या बॅगेत टॉवेल कायमचा. "ज्याच्या पाण्यात उतरलो नाही, त्याची किंमत मी काय डोंबल सांगू?" बीरगावकडच्या एका तलावात कारखान्याचं पाणी येत होतं, तिथे उतरले आणि कितीतरी दिवस अंग खाजवत हिंडले. तरी पुढच्या तलावात उतरलेच. गाडीची गादी ओली झाली की ड्रायव्हर भैया कपाळाला हात लावायचा. मी त्यांची सहायक, काठावर त्यांचा चष्मा सांभाळत उभी. एवढं शिकून आपण हेच करायचं का, असं मला पुष्कळदा वाटे.

मग ते गाव आलं. नव्या राजधानीच्या हद्दीत होतं आणि तलाव बुजवून त्यावरून रस्ता जाणार होता. गावकऱ्यांनी सरांना गाठलं. सरांनी चारचौघांत शब्द दिला की तलाव वाचेल. पूर्ण उन्हाळा आम्ही तिथे काढला. मासे, कमळाच्या देठांची भाजी, म्हशी, धुणं, भोवतालच्या विहिरींचं पाणी, एकेकाची किंमत लावली. तलावाच्या मधोमध एक लाकडी खांब होता. तिकडे नवा तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. हा त्या लग्नाचा खांब. सुकवारो दाई नावाची म्हातारी तो आम्हाला दाखवताना घरातली सून दाखवावी तशी कौतुकाने बोलत होती. मी सरांना विचारलं, "सर, याचे किती लावू?" सर एकदम चिडले. "लग्नाचे पैसे लावते काय वं कोणी? सोड ते."

राजधानीच्या अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीत एकूण आकडा वाचताना सरांचा आवाज चढला होता. एवढी रक्कम ऐकली की साहेबलोक हादरतील आणि रस्ता वळवतील, अशी त्यांची खात्री होती. मोठे साहेब हादरले नाहीत. सुटल्यासारखे हसले. "बस इतना ही? हम तो डर रहे थे कि गाँववाले कितना माँगेंगे। दे देंगे, डॉक्टर साहब।" मग खांबाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "इसका कुछ नहीं लगाया?"

"इसका दाम नहीं होता," सर म्हणाले.

"चलो, ये तो फ्री में मिल गया!" सगळे खो खो हसले. मला रडू येत होतं. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग येत होता.

मोबदला पंचायतीत जमा झाला, अगदी सरांच्या आकड्याप्रमाणे. जेसीबीने खांब उपटला त्या दिवशी सर गेले होते, मीही होते. सुकवारो दाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "बाबू, तैं तो कहे रहे, तरिया बांच जाही।" तरिया म्हणजे तलाव. तो वाचेल म्हणाला होतास, एवढंच ती म्हणाली. सरांनी हात जोडले.

गंमत म्हणा की नशीब म्हणा, त्या अहवालाची फार वाहवा झाली. प्रत्येक तलावाची अशीच किंमत काढून द्या, तलाव ताब्यात घेणं सोपं जातं, अशी सरकारी खात्यांकडून मागणी यायला लागली. सरांनी साफ नकार दिला. निवृत्तीपर्यंत मुकाट्याने माती तपासत बसले आणि मग यवतमाळला निघून गेले.

मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. पोट्टी आली, म्हणून त्यांनी बायकोला चहा टाकायला लावला. मग बोलता बोलता विषय तिथेच गेला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "सर, रस्ता तर व्हायचाच होता. तलाव असाही गेलाच असता."

"हव, गेला असता," सर म्हणाले. "पण त्यायनं तो चोरला असता, बाई. मी इकला."