कोरड्यावर ओढलेली दोरी

अक्काचा फोन आला तेव्हा मी वडीगोद्रीला हायवेलगतच्या दुकानात नळाचा वायसर शोधत होतो. "सकाळपासून उठवून राह्यले, उठंनात रे..." एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं. गोदाकाठच्या आमच्या गावी पोचेपर्यंत माझ्या थोरल्या बहिणीचं अंगण माणसांनी भरलं होतं. दाजी, म्हणजे तिचे यजमान रंगनाथराव, बाजेवर झोपल्यासारखे पडले होते. ओट्यावर कुणीतरी म्हणालं, "माणूस सोन्यासारखा. त्या बोटीच्या बाबतीत तेवढी हलगर्जी झाली त्याच्याकून." शेजारच्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच बसलो होतो आणि मीही काही बोललो नाही. त्याला आता दीड महिना झाला. या रविवारच्या पुरवणीत मी अधूनमधून शाळेच्या आठवणी लिहितो, म्हणून दाजींवरही चार शब्द लिहा असा निरोप आला. लिहितो, पण ते गोड नसतील. बोटीचं काय झालं हे गावाला माहीत आहे. कुणामुळे झालं, ते सांगायचं राहिलं आहे.

दाजींच्या वडिलांच्या मेंढ्या होत्या. कळप नदीपार नेता-आणता दाजी पोहायला शिकले, आठवीत शाळा सुटली, आणि लोकांची डिझेल इंजिनं, पाणबुडी मोटारी उघडता-जोडता हात तयार झाला. पुराच्या वेळी वापरायला म्हणून गावाला तालुक्याहून फायबरची मोटारबोट मिळाली, तेव्हा तिला हार घालायला सगळे पुढे होते. ती सांभाळणार कोण, असं विचारल्यावर सगळ्यांना घरची कामं आठवली. दाजी तेवढे बसून राहिले आणि बोट त्यांच्या गळ्यात पडली. इंजिनाबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. ते मी वाचून, मराठीत करून सांगायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "मास्तर, तुम्ही वाचा, मी ऐकतो. आपली जोडी बराबर हाये," म्हणायचे. एकदा ऐकलेलं ते कधी विसरले नाहीत. मी मात्र वाचलेलंसुद्धा विसरायचं सोंग करू शकतो, हे पुढे कळलं.

दसरा झाला, नदी उतरली की बोट आवरून ठेवायची. दाजी त्याला "निजवणं" म्हणायचे. "चला मास्तर, लेकरू निजवू," असा निरोप आला की मी जुना सदरा घालून निघायचो. बोट काठावर ओढून बाभळीच्या दोन ओंडक्यांवर चढवायची, आतला गाळ धुऊन काढायचा. तळाचं बूच काढून दोरीने कडीला बांधायचं, म्हणजे ते हरवत नाही आणि आत साचलेलं पाणी आपोआप निघून जातं. मग इंजिन घरी आणून अंगणातल्या लोखंडी ड्रमात उभं करायचं, ड्रम विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरायचा आणि इंजिन चालू करायचं. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडाली की आत पाणी फिरतंय, असं समजायचं. नदीची सगळी रेती त्या धारेतून बाहेर यायची. शेवटी पेट्रोलची नळी काढून ते बाजूला उभे राहायचे. आतलं पेट्रोल संपत आलं की इंजिन धापा टाकायचं, आचके द्यायचं आणि आपोआप बंद पडायचं. बटण दाबून ते कधीच बंद करायचे नाहीत. "आतलं सगळं त्याला पिऊन घिऊ द्या. पोटात राह्यलं तर उन्हाळ्यात चिकट होतंय," म्हणायचे. मग प्लग काढून आत चमचाभर तेल, इंजिन चालू करायच्या दोरीला दोन सावकाश हिसके, गिअरचं तेल बदलायचं, उंदीर शिरू नये म्हणून भोकांना चिंध्या, आणि इंजिन आडवं न ठेवता लाकडी घोडीवर उभं. हे सगळं होईपर्यंत त्यांना चहासुद्धा चालत नसे. शेवटी चादर पांघरून तिच्या कडा खोचायचे, अगदी लेकराच्या खोचतात तशा.

त्या पुस्तकातलं एक वाक्य मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं. इंजिन पाण्याबाहेर, क्षणभरही, चालू करू नये. इंजिन थंड ठेवायला आत पाणी ओढणारा एक रबरी पंखा असतो, कोरडा फिरला की तो जळतो. दाजींनी तेव्हाच नियम केला होता की चालू करायची लाल दोरीची क्लिप त्यांच्याजवळच राहील. ती लावल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला त्यांनी सकाळीच इंजिन घोडीवर मांडलं, पान्यांना आणि इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. गिअरचं तेल आणायला त्यांना आष्टीला जायचं होतं. अंगणात पोरंसोरं खेळतात म्हणून लाल क्लिप माझ्या हातात दिली. "मास्तर, तुमच्यापाशी असू द्या. दुसऱ्या कोणाला देऊ नका." दुसऱ्या कोणाला मी दिलीही नाही. दुपारी एक पुढारी गावात आले, त्यांना पुरासाठी गाव किती तयार आहे ते मोबाईलवर दाखवायचं होतं. सगळे अक्काच्या अंगणात. अक्का शेतात होती. "गुरुजी, जरा आवाज येऊ द्या की," कुणीतरी म्हणालं. मला नियम माहीत होता. पण समोर मोबाईल धरलेला, पुढारी मला गुरुजी म्हणतोय, आणि रंगनाथ मेकॅनिक आल्याशिवाय मला हात लावता येत नाही असं चारचौघांत सांगायची लाज वाटली. हो, लाज. बत्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस आठवी नापास मेव्हण्याच्या परवानगीसाठी थांबणार होता काय! मी क्लिप लावली, नळी जोडली आणि दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडाडलं. पुढाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ते कोरडंच धडाडत राहिलं, मी शेजारी छाती काढून उभा. टाळ्या पडल्या. जळक्या रबराचा वास आला तो झेंडू-उदबत्तीच्या वासात कुणाला कळला नसेल, मला कळला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आम्ही ड्रम भरला. इंजिन चालू झालं, पण धार नेहमीसारखी उडेना, नळ नीट बंद न केल्यासारखी बारीक ठिबकत होती. दाजींनी भोकात तार घातली, फुंकलं, पुन्हा चालू केलं. थोडी वाढली, पुन्हा बारीक. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, मी नसताना कोणी कोरडं तर न्हाई ना चालवलं?"

"कोण चालवणार?" मी म्हणालो. "क्लिप तर माझ्याकडे होती."

"मंग गाळ असंल," ते म्हणाले. माझ्या शब्दावर त्यांनी इंजिन उघडलं नाही. उघडलं असतं तर पंखा दिसला असता, जालन्याहून नवा आणला असता, विषय संपला असता. मी हातात पेट्रोलचा डबा घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मला जमलं नाही. पुढे पावसाळ्यापर्यंत आठ महिने बोट निजलेली होती, आठ महिने वेळ होता. रोज वाटायचं, उद्या सांगू...

पुढच्या भाद्रपदात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एक म्हातारा-म्हातारी आणि त्यांची सून अडकली. दाजी एकटेच निघाले. तिघांना बोटीत घेऊन परत फिरले आणि नदीच्या मधोमध इंजिन तापून जाम झालं. आम्ही काठावरून पाहत होतो. आवाज बंद पडला आणि बोट आडवी होऊन वाहायला लागली. एक वल्हं होतं, त्याच्यावर दाजींनी ती कशीबशी बुडालेल्या बाभळींत घातली आणि काट्याची फांदी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बीडकडच्या काठावरून दुसरी बोट येईपर्यंत अर्धा दिवस त्यांनी फांदी सोडली नाही. सगळे वाचले. कुणी मेलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे की नाही हे मलाही माहीत नाही.

मग ग्रामपंचायतीत सभा बसली. बोट ऐन वेळी बंद पडली तर जबाबदार कोण? ज्यांनी तिला वर्षभर ढुंकून पाहिलं नव्हतं ते तावातावाने बोलत होते. दाजी तळहातांना चिंध्या गुंडाळून भिंतीला टेकून बसले होते. बोट तालुक्याला परत पाठवायची असं ठरलं, आणि गावात अक्षर चांगलं माझं, म्हणून ठराव मी लिहिला. "रंगनाथराव यांच्याकडून देखभालीत हलगर्जीपणा झाल्याने..." हे वाक्य माझ्या वळणदार अक्षरात आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. वाचून दाखवल्यावर दाजी उठून टेबलाशी आले. "मास्तर, कुठं सही करू?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून जागा दाखवली. चिंधी बांधलेल्या हाताने त्यांनी नीट, हळूहळू सही केली.

त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडे मोटारी आणणं कमी केलं. अक्कासुद्धा एकदा माझ्यासमोर बोलली, "तुमचा हात चुकायला लागला आता. कशाला लोकांच्या जीवाशी खेळायचं? बसा की घरी." पुढच्या दसऱ्यानंतर मी गेलो तर त्यांनी ड्रम घासून, विहिरीचं पाणी ओढून काठोकाठ भरला होता. आत ठेवायला काही नव्हतं. ते शेजारी बाज टाकून बसले होते. "सवय झाली, मास्तर," म्हणाले. त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. मी पावसापाण्याचं बोललो आणि चहा पिऊन निघून आलो.

तेराव्यानंतर अक्काने कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून दिला. "हे तुला द्यायचं म्हणत व्हते. काय हाये मला न्हाई ठाव. लागलं तर घे, न्हाई तर भंगारात टाक." घरी येऊन उघडला. चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला रबरी पंखा होता. गाळाने पाती झिजतात, वितळत नाहीत. ती फक्त कोरडी फिरली तर वितळतात, हे मीच वाचून दाखवलं होतं. यातली दोन पाती वितळून एकमेकांना चिकटली होती, बाकीची मोडलेली. खाली लाल दोरीची क्लिप होती. बाकी काही नाही. चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही.

इंजिन सभेच्या आधीच ग्रामपंचायतीत कुलूपबंद झालं होतं आणि सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर येऊन ते बोटीसकट घेऊन गेला होता. म्हणजे दाजींनी इंजिन उघडलं ते सभेच्या आधी, त्या फाटक्या हातांनी. म्हणजे "कुठं सही करू" असं मला विचारताना त्यांना सगळं माहीत होतं. यात लोकांना मोठेपणा दिसेल, मला राग येतो. त्यांनी मला चारचौघांत शिवी द्यायला हवी होती, थोबाडीत मारायला हवी होती. मेव्हण्याची अब्रू झाकली आणि स्वतः बदनाम होऊन मरून गेले, आणि वर हा डबा माझ्यासाठी ठेवला. यात माया किती आणि शिक्षा किती हे मला कळत नाही... दोन्ही असेल.

तो ड्रम अजून अंगणात आहे. शेळ्यांना पाणी त्यातूनच पाजतात. अक्काला तो दारातून हलवायचा नाही. तिला वाचता येत नाही. माझं काही छापून आलं की त्या रविवारी मी पुरवणी घेऊन जातो, ड्रमाशेजारी बाजेवर बसतो आणि ती निवडायचं सूप मांडीवर घेऊन ऐकते. मधेच थांबलो की म्हणते, "थांबलास का? वाच की पुढचं." या रविवारीही जाणार आहे.