सिद्रामप्पांचं अर्धं भाषण

सिद्रामप्पा मराठीतलं भाषण उर्दू अक्षरांत लिहून आणायचे. निजामाच्या राज्यात त्यांची सुरुवातीची शाळा उर्दूतच झाली होती, हात तसाच वळलेला. मुक्तिसंग्राम दिनाला ते जळकोटजवळच्या आमच्या शाळेत यायचे, खिशातला कागद उलगडायचे आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायचे. पोरं खुसखुसायची. अप्पा कागदावरची नजर न काढता म्हणायचे, "हासा लेकरांनो. राज गेलं, अक्षर ऱ्हायलं."

भाषण दरवर्षी तेच. रझाकार गावात शिरले, तेव्हा शाळेच्या उस्मान मास्तरांनी अप्पांच्या घरची सगळी माणसं आपल्या घरात लपवली आणि स्वतः दारात उभं राहून रझाकारांना परत पाठवलं. इथं टाळ्या पडायच्या. अप्पा हात वर करून म्हणायचे, "थांबा, अर्धंच झालं." पण सूत्रसंचालन माझ्याकडे. पाहुण्यांना पुढं मुखेडला जायचं असे, पोरं उन्हात बसलेली. मी घाईघाईनं आभार मानायला उठायचो. सात-आठ वर्षं मी हेच केलं. म्हातारा लांबण लावतो, असं शिक्षकांच्या खोलीत हसत सांगितलंही. आज त्याची लाज वाटते.

घरी ते एकटेच. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. भाकरी थापतानाही रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. निजामाचा पुळका आहे का, असं कुणी डिवचलं की म्हणत, "राज वाईटच व्हतं. पण माझं लहानपण त्याच्यातच हाय. ते कुठं टाकू?"

शेवटच्या वर्षी कार्यक्रमानंतर मी त्यांना एसटीवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. वेळ जावा म्हणून विचारलं, "अप्पा, उरलेलं अर्धं काय हो?"

ते चपलांकडे बघत बोलू लागले.

"फौज आली, राज गेलं. मंग आपलीच माणसं मास्तरांच्या मागं लागली. भर दुपारी मास्तर आमच्या दारात आले. 'सिद्राम, खोल बेटा,' म्हणले. बापानं मानेनंच न्हाई म्हणलं, अन् मी आतून कडी धरून ऱ्हायलो. लई हाका मारल्या त्यांनी. मंग थांबल्या."

"आणि पुढं?"

"पुढं काय, सर. मास्तर परत कुणाला दिसले न्हाईत. मला चार माणसांत येवढंच म्हणायचं व्हतं, की कडी माझ्या हातात व्हती."

गाडी आली. चढताना ते म्हणाले, "बरं झालं इचारलंत. आजवर कुणी इचारलं न्हाई."

त्याच हिवाळ्यात अप्पा गेले.

यंदा भाषण माझ्याकडे आलं. उस्मान मास्तरांची गोष्ट मी रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. समोर सरपंच, पालक, चार गावांची माणसं बसली होती. मी थांबलो, घोटभर पाणी प्यायलो, आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसलो.