मराठीतली प्रार्थना

“हे मी विसरणार नाही हं,” असं म्हणून ती हातातली पेन्सिल अंबाड्यात खोचायची. मेसमधल्या कच्च्या पोळीबद्दलही हेच, अपमानाबद्दलही हेच. तुमच्या ओळखीतही असं कुणी असेल; पण आपल्या शब्दाला इतकं जागणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या एका सेमिनरीत टायपिस्ट होते. पाद्री होऊ पाहणारे पदवीधर तिथे वरचं धर्मशिक्षण घ्यायला येत. मिझोराम, केरळ, तमिळनाडू, गोवा, सगळीकडचे. ती नगरकडच्या खेड्यातली, वर्गातली एकटी मुलगी. मी भांडुपची, मालवणी हिंदू. सबंध इमारतीत मराठीत भांडायला आम्ही दोघीच, म्हणून मैत्री.

गावातल्या ख्रिस्ती बायकांच्या ओव्यांवर तिने दोन वर्षं खपून प्रबंध लिहिला. मराठीत. प्राचार्यांनी तो न उघडताच परत केला. इंग्रजीत म्हणाले, “या भाषेत स्वयंपाक होतो. ईश्वरविज्ञान नाही.”

त्याच आठवड्यात माहितीपुस्तकाच्या फोटोसाठी त्यांनी तिला उसनं नऊवारी नेसायला लावून पहिल्या रांगेत बसवलं. खालची ओळ मीच टाइप केली: आमच्याकडे बारा भाषांचे विद्यार्थी आहेत.

“हे तर मरेपर्यंत विसरणार नाही,” ती म्हणाली.

पुढे परदेशी पाहुणे आले. विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेत छोटी प्रार्थना म्हणायची होती. मिझो मुलगा म्हणाला, मल्याळी म्हणाला. मग ती उठली, डोळे मिटले.

“प्रभू, ही माझी भाषा सरांना फक्त फोटोत चालते. माझा प्रबंध त्यांनी उघडलासुद्धा नाही. त्यांना क्षमा कर असं मी म्हणणार नाही. तू काय ते बघ.”

“आमेन!” सगळ्यांत मोठ्याने प्राचार्य म्हणाले. तीस वर्षं मुंबईत राहून त्यांना भाजीवाल्यापुरतंही मराठी येत नव्हतं.

पाहुण्या बाईंचे डोळे भरून आले. “किती सुंदर! अर्थ काय याचा?” प्राचार्यांनी कौतुकाने मला पुढे केलं.

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. पण शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. टायपिस्टला गाळायची सवय नसते.

ती शांतपणे खोलीतून प्रबंध घेऊन आली आणि प्राचार्यांच्या मांडीवर ठेवला. “आता उघडा, सर.” सगळ्यांदेखत त्यांनी पानं उलटली. एक ओळ वाचता आली असेल तर शपथ. त्यांचा तो चेहरा आठवला की अजूनही मला बरं वाटतं.

महिन्याभरात आम्हा दोघींनाही काढलं. बसस्टॉपवर मी विचारलं, “पस्तावलीस का गं?”

“अगं, क्षमा या विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क आहेत. पण करवतच नाही, काय करू?” हसता हसता तिला रडू फुटलं.

गावी ती शाळेत शिकवू लागली. पुढे कधीतरी मी पत्रात कळवलं, सर फार आजारी आहेत म्हणे. तिचं उलटटपाली कार्ड आलं: “बरे होऊ देत. माझं बोलणं संपलेलं नाही.”

सर बरे झाले. ती मात्र त्याच वर्षी काविळीने गेली.