सुनंदाची रिकामी सीट

गेल्या दिवाळीत बायकोला सिंगापूरला नेण्यासाठी मी दोन तिकिटं काढली, आणि त्यातलं एक भलत्याच बाईचं निघालं.

हे लिहिताना आजही मान खाली जाते. कारण मी कळंबच्या एका शाळेत मुख्य लिपिक आहे. दाखल्यावरची चुकलेली नावं दुरुस्त करून घ्यायला लोक माझ्याच टेबलापुढं उभे राहतात आणि मी चष्म्यावरून बघत त्यांना ऐकवतो, "अहो, घरच्या माणसाचं नाव नीट लिहिता येत नाही?" (आजवर किती जणांना ऐकवलं असेल! त्या सगळ्यांची इथंच माफी मागून टाकतो.)

लग्न झालं तेव्हा बायकोला म्हणालो होतो, "तुला कुठंतरी लांब नेतो." त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तिला नेलेलं सर्वांत लांबचं ठिकाण म्हणजे नांदेड, तिच्या मावसभावाचं लग्न. तिथंही तिनं दोन दिवस पोळ्याच लाटल्या! म्हणून या खेपेला तिनं अटच घातली.

"चार दिवस. दुसऱ्यानं रांधलेलं खायचं, जुनी घरं बघायची, देवळं बघायची. एक नातेवाईक नको, एक भाकरी नको."

सिंगापूरही तिनंच निवडलं. मोबाइलवर बघून बघून शंभर पानी वही भरली. सकाळी नारळाचा जाम लावलेला काया टोस्ट, दुपारी नारळाच्या रश्श्यात शेवया पोहणारा लक्सा, मग पेरानाकान म्हणजे चिनी-मलय घराण्यांची रंगीत फरशांची जुनी घरं, चिनी वस्तीतलं मारिअम्मन देवीचं देऊळ, आणि तिथून पुन्हा खायला. तिथं जाऊन हे सगळं मागवायचं काम माझ्याकडं, कारण माझं इंग्रजी चांगलं (असं मीच सांगितलेलं). त्यामुळं रोज जेवताना माझी तोंडी परीक्षा.

"सांगा, बर्फातल्या हिरव्या शेवया?"

"चेंडोल."

"फळांना काळी चटणी लावल्याली?"

"रोजाक!"

"व्हय. घ्या भाकरी."

चुकलं तर भाकरी थांबायची. त्या भीतीनं चौदा पदार्थ मला तोंडपाठ झाले.

तिकिटं मी स्वतः काढली. हैदराबादहून विमान, शेजारशेजारच्या सीटा, रद्द न होणारी स्वस्तातली तिकिटं. पासपोर्ट आईनं आल्या दिवशीच हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले होते. उठून कशाला आणायचे? फॉर्मनं बायकोचं नाव विचारलं, मी भरलं. पासपोर्टचा नंबर नंतर दिला तरी चालेल, असं तिथंच लिहिलं होतं. ते वाचून मला केवढा आनंद झाला होता!

आमच्याकडं लांबचा प्रवास असला की आधी तुळजापूर. आईचं म्हणणं, कागद देवीच्या पायाशी लावल्याबिगर विमान उडायचं न्हाय. तसे आम्ही तिघं गेलो. आमच्या घराण्याचे पुजारीकाका संकल्पासाठी नावं वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"मालक, तिकिटावर सुनंदा हाय. पासपोर्टवर कौशल्या. संगं न्यायची कोणती?"

"दोन्ही न्या की!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

कौशल्या हे बायकोचं माहेरचं नाव. शाळेचा दाखला त्याच नावाचा, आधार त्याच नावाचं, म्हणून पासपोर्टही. सुनंदा हे सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ते मीच लिहिलं होतं. सव्वीस वर्षांनी फॉर्म भरताना माझा हात पुन्हा त्याच तांदळावरून फिरला!

"आई, तेव्हा नाव बदललंच कशाला?" मी उगाच चिडलो.

"मग काय करावं? तिचं माहेरचं नाव तेच माझ्या सासूबाईंचं! सुनंला त्या नावानं हाक मारून 'चा टाक गं' म्हणू व्हय म्या?"

बायकोनं वही तेवढी पिशवीत खाली सारली. ते बघून मला देवीसमोर उभं राहवेना.

बाहेर येऊन विमान कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा मराठीच निघाला.

"सर, एखादं अक्षर असतं तर बघितलं असतं. इथं अख्खी बाईच बदलायलीय!"

तेव्हा माझ्यातला लिपिक जागा झाला, आणि मी आयुष्यातली सर्वांत मोठी घोडचूक केली. बायकोला म्हणालो, "अगं, सोपं आहे. राजपत्रात जाहिरात देऊ, पासपोर्ट सुनंदा नावाचा करून घेऊ. तूच नाव बदल."

"एकदा बदललंय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आता तिकिटानं बदलावं."

पुढचे पाच दिवस दोन्ही वेळेला पिठलं. "सिंगापूरचं हाय समजून खा," एवढंच बोलणं. परीक्षा बंद. मी आपण होऊन "चेंडोल, रोजाक" असं पुटपुटून बघितलं, पण तिनं मान वर केली नाही. सहाव्या दिवशी नवीन मोटारसायकलसाठी साठवलेले पैसे बाहेर काढले आणि कौशल्याच्या नावाचं नवं तिकीट काढायला तिला संगणकासमोर बसवलं. पासपोर्ट हातात धरून तिनं एकेक अक्षर सांगितलं, मी टंकलं, तिनं दोनदा तपासलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाली, "बरोबर हाय. मारा शिक्का."

जागा मात्र पुढची मिळाली. विमानात कौशल्या बारा रांगा पुढं खिडकीशी, आणि माझ्या शेजारी सुनंदाची रिकामी सीट. हवाईसुंदरीला दया आली. तिनं बायकोला माझ्याजवळ येऊन बसायला सुचवलं.

"नको," बायको तिथूनच मला म्हणाली, "ती जागा सुनंदाबाईंची हाय. मला खिडकी गावलीय." आणि वळून, सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "सांगा, गूळ घातल्यालं बर्फातलं?"

"चेंडोल!" मी ओरडलो. आजूबाजूचे चार प्रवासी दचकून जागे झाले. ती हसली. पिठलं संपलं!

उतरून हॉटेलात गेलो. काउंटरवरच्या मुलीला मी झोकात इंग्रजीत सांगितलं, की आम्ही इथं चौदा पदार्थ खायला आलोय, आणि चौदाही नावं क्रमानं, एकही न चुकता म्हणून दाखवली. तिनं खरोखर टाळ्या वाजवल्या. मग रजिस्टर पुढं ओढून विचारलं, "आणि मॅडमचं नाव?"

मी म्हणालो, "एक मिनिट हं, पासपोर्ट बघून सांगतो."