विचारून बांगड्या भरणारी

महायुद्धाच्या वर्षांत मी खालापूरच्या शाळेत शिकवत होते. बाविसाव्या वर्षी नात्यातल्याच एकाने माझ्यावर बळजबरी केली, आणि तेव्हापासून कुणी हात धरला की मला कापरं भरायचं. हे फक्त आईला ठाऊक होतं.

चुलतबहिणीच्या लग्नाला कर्जतहून कासारीण आली. बाई धिप्पाड, गालात पान. दर बांगडीला शिवी हासडून मगच ती चढवायची. तिनं माझी बोटं धरताच मी हात हिसडला. मग स्वतःचाच हात तिनं माझ्यापुढे केला.

“आज तू कासारीण. भर गं. घाबरू नको, तो चावत नाय.”

लग्नघरात बांगड्या फुटल्या म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. मी चार वाढवल्या. दर वेळी ती “मेले गं मेले!” असं ओरडायची की अंगणातल्या कोंबड्या उधळायच्या. पाचवी चढली तेव्हा मी कित्येक महिन्यांनी हसत होते.

मग मी आपणहून हात पुढे केला. दर बांगडीला ती थांबायची. “घालू?”

सातव्या वेळी मी वैतागले. “मावशी, किती विचारशील?”

“इचारनारच. हात तुजा हाय.”

आठव्या बांगडीला मी मुद्दाम “नको” म्हटलं. तिनं तत्काळ हात सोडला, बांगडीला एक शिवी दिली आणि मी “आता घाल” म्हणेपर्यंत निवांत पान लावत बसली.