देवमासे गप्प का झाले

रेकॉर्डिंगच्या शेवटच्या अकरा दिवसांत देवमाशाचा एकही आवाज नव्हता. पाण्याचा होता, लांबून जाणाऱ्या जहाजांचा होता. देवमाशाचा नव्हता.

“मग झालं तर,” नाईक सर फोनवर म्हणाले. “ॲब्सेंट लिहा आणि रिपोर्ट पाठवा. क्लायंट थांबलाय.”

सर गोव्याच्या ऑफिसात होते. मी मराठवाड्यात, कळमनुरीत, आमच्या घरात. आणि ज्या समुद्राविषयी आम्ही बोलत होतो तो लक्षद्वीपच्याही पलीकडे. पाण्यातला आवाज ऐकून तिथं कोण आहे ते सांगायचं, हे माझं काम. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले ती गोव्याला परत गेलेच नाही. भाऊ म्हणाला, घर विकू. मी म्हणाले, थोडं थांब. सर म्हणाले, नेट चांगलं असेल तर तिथूनच करा. त्याला दोन वर्षं झाली. दिवसभर कानाला हेडफोन. समोरच्या कांताकाकू सोडल्या तर आठवडा आठवडा माझ्याशी कोणी बोलत नसे.

स्पर्म व्हेल हा दात असलेला मोठा देवमासा. मासा म्हणायची पद्धत; प्रत्यक्षात तो सस्तन प्राणी, श्वास घ्यायला वर येतो. खायला मात्र अर्धा-एक किलोमीटर खाली जातो, माकूळ पकडायला. माकूळ म्हणजे स्क्विड. तिथं गडद अंधार. म्हणून तो टक, टक, टक असे क्लिक सोडतो आणि परत आलेला आवाज ऐकून शिकार शोधतो. शिकार अगदी जवळ आली की क्लिक इतके भराभर होतात की गंजलेलं दार करकरल्यासारखं वाटतं. त्याला आम्ही बझ म्हणतो.

क्लायंट तेल शोधणारी कंपनी होती. त्यांचं जहाज हवेच्या दाबाचे मोठे बार पाण्यात उडवून तळाखालचा खडक तपासणार होतं. अशा आवाजात देवमाशाला काय ऐकू येणार? म्हणून आधी आमचा रिपोर्ट.

सही करायला माझं मन होईना. मी आधीचे दिवस पुन्हा लावले. तेव्हा कांताकाकू वाटीत ठेचा घेऊन आल्या.

“काय ऐकून राहिली वं दिवसभर?”

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे बारीक केले.

“सुतार ठोकून राहिला जणू कोणी.”

“देवमासा आहे, काकू. खाली जाऊन खायला शोधतोय.”

“मंग घावलं का त्याला काही?”

हे मी मोजलंच नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर क्लिक मोजतं. क्लिक आहेत म्हणजे प्राणी आहे, एवढंच. काकू गेल्यावर मी बझ मोजायला घेतले. कानानं, एकेक. चार दिवस लागले. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक बुडीत बझ होते. मग कमी झाले. शांतता सुरू होण्याआधीच्या आठवड्यात नुसतेच क्लिक. खाली जायचं, शोधायचं, रिकामं वर यायचं. एक जण तर बाकीचे गेल्यावरही दोन दिवस तिथंच शोधत राहिला होता. त्याच्या बुड्या ऐकताना मी हेडफोन दोनदा काढून ठेवला.

समुद्रात सोडलेल्या रेकॉर्डरच्याच दोरीवर तापमान मोजणारे सेन्सर होते. ती फाइल उघडली. बझ कमी होऊ लागले त्याच सुमारास खालचं पाणी कोमट होत गेलं होतं. मग उपग्रहाचा नकाशा पाहिला. कोमट पाण्याचा, एखाद्या जिल्ह्याएवढा भोवरा तिथं येऊन बसला होता. असा भोवरा खालचं थंड, खतासारखं सकस पाणी वर येऊ देत नाही. बारीक जीव कमी होतात, त्यांच्यावर जगणारे मासे आणि माकूळ विखुरतात किंवा आणखी खोल जातात. मागोमाग देवमासे निघतात. पण भोवरा सरकत असतो. नकाशावर तो पश्चिमेला चालला होता आणि मागून थंड पाणी येत होतं. जहाजाच्या सर्व्हेची तारीख नेमकी तेव्हाची.

फोनवरच्या मीटिंगला सर आणि क्लायंटच्या मॅडम होत्या.

“म्हणजे ते परत येतील?”

“येण्याची शक्यता आहे.”

“खात्री?”

“नाही. खात्री नाही.”

“शक्यतेवर मी जहाज थांबवू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या.

सर मध्ये पडले. “जहाज थांबवू नका. बार उडवण्याआधी रोज दोन तास खाली ऐका. एवढं तर करता येईल?”

मॅडम तयार झाल्या. फोन ठेवताना सर मला म्हणाले, “काही ऐकू आलं नाही तर पुढचं काम ते आपल्याला देणार नाहीत. माहीत आहे ना?”

“माहीत आहे, सर.”

सर्व्हे सुरू झाला. जहाजावरून रोज एका ओळीचा मेल यायचा. काही नाही. पाच दिवस तेच. सर फोन करीनासे झाले. मी जेवण बनवायचे आणि तसंच झाकून ठेवायचे.

सहाव्या दिवशी मेलसोबत ऑडिओ फाइल होती. क्लिक होते. एकापेक्षा जास्त जणांचे. चौथ्या मिनिटाला बझ आला, लगेच दुसरा. जहाजानं त्या दिवशी बार उडवले नाहीत. सर्व्हेच्या हद्दीच्या दुसऱ्या टोकाला ते निघून गेलं. सरांचा मेसेज आला, “बरोबर होतं तुमचं.”

कांताकाकूंना सांगावं म्हणून मी रस्ता ओलांडून गेले. दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, त्या लेकीकडं नांदेडला गेल्यात, पंधरा दिवस येणार न्हाईत. परत येऊन ती फाइल मी एकटीनंच पुन्हा ऐकली.

तेव्हापासून क्लिकसोबत बझही मोजते. रिपोर्टात नुसतं ‘नाही’ लिहून भागत नाही. का नाही, हेही लिहावं लागतं. त्यानं पानं वाढतात आणि क्लायंट वैतागतात. पुढचं काम, तसंही, त्या तेल कंपनीनं दुसऱ्यांनाच दिलं.